तीन महिन्यांची राखण

उत्कर्षा नागपुरे आमच्या कंपनीत आली ती नव्याण्णवच्या जूनमध्ये. कर्वे रस्त्यावरच्या एका इमारतीत खाली कापडाचं दुकान आणि वर आम्ही, अशी ती कंपनी होती. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी आवई उठली होती आणि त्या आवईवर आमच्यासारख्या शंभरेक जणांची पोटं भरत होती. तिचं टेबल माझ्या शेजारी. मी नारायण पेठेतली. आमच्या घरी मासा म्हणजे पंचांगातली मीन रास, तेवढाच. त्यामुळे पुढची दहा-अकरा वर्षं मी तिच्याकडून जे ऐकलं ते सगळं मला नवीन होतं.

ती भंडाऱ्याकडची, ढिवर समाजातली. तिकडे गावोगाव तलाव आहेत आणि त्यात मासे धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. तिचे वडील नागोराव यांनी तो ऐन तरुणपणी सोडला. तहसील कचेरीत शिपायाची नोकरी मिळाली त्या दिवशी त्यांनी घरातली जाळी भावाला देऊन टाकली आणि पुन्हा अंगणात जाळं वाळत घालू दिलं नाही. शाळेत पोरं तिला "मासोळी" म्हणून चिडवायची. नागोरावांचं म्हणणं एकच होतं, की माझ्या मुलीच्या हाताला माशाचा वास येता कामा नये. तिला नागपूरला पाठवून त्यांनी इंजिनियर केलं. मासे खायला तिला अतोनात आवडायचे, पण धरणं, विकणं, साफ करणं यांतलं काही आपल्या वाट्याला येणार नाही अशी तिची पक्की खात्री होती.

आणि मग तिला तेजस भेटला.

तो आमच्याकडे नेटवर्कचं काम बघायचा. उंच, अबोल, चेहऱ्यावर कायम उन्हात फिरून आल्याचा रंग. घर मुठेच्या काठच्या भोई वस्तीत. घरचे पूर्वापार मासेमारी करतात असं त्यानं तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिनं त्यातला "पूर्वापार" तेवढा ऐकला. तिच्या वडिलांनी जसं सोडलं तसं इकडेही सुटलं असणार, असं तिनं गृहीत धरलं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना जात जवळची वाटली, कोणी फार खळखळ केली नाही, आणि २००१च्या फेब्रुवारीत लग्न झालं.

सासरे सर्जेराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. पण ती नोकरी त्यांनी पोटापुरती केली, जीव होता तो माशांत. शहराच्या पश्चिमेला एका छोट्या धरणाच्या फुगवट्यात मासे धरायचा ठेका भोई मंडळींच्या संस्थेकडे होता आणि सर्जेराव त्या संस्थेचे अध्यक्ष. संस्थेचे नियम त्यांनीच घातलेले. जाळ्याचं भोक चार बोटांपेक्षा बारीक नको. जून ते ऑगस्ट मासे अंडी घालतात, ते तीन महिने कोणी जाळं टाकायचं नाही. आणि त्या तीन महिन्यांत बाहेरच्या कोणी चोरून टाकू नये म्हणून सभासदांनी पाळीपाळीनं काठावर राखण करायची.

यामागे एक कारण होतं आणि ते तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं. सर्जेरावांचे वडील लोणी काळभोरच्या बाजूला नदीत मासे धरायचे. तिथे एकानं जिलेटिनचा बार उडवून एका दिवसात गाडीभर मासे काढले. पुढची दोन वर्षं जाळ्यात काही आलं नाही. मग हळूहळू आलं, तोवर शहराचं सांडपाणीही पोचलं. आता तिथे चिलापी मासळी सोडून काही मिळत नाही, आणि तिला धुतल्यावरही वास येतो. "एक नदी माझ्या डोळ्यांदेखत गेली, पोरी," सासरे म्हणाले होते. तिलाही त्या वेळी ऐकून वाईट वाटलं. पुढे ती गोष्ट तिनं इतक्या वेळा ऐकली की सर्जेराव "लोणी" म्हणाले की ती उठून भांडी आवरायला जायची.

नव्या नवरा-नवरीसाठी माडीवरची खोली ठरली होती. तिथे चार काचेच्या टाक्या निघाल्या. धरणाचे जे जुने मासे कमी होत चालले होते त्यांची पिल्लं वाढवून पुन्हा पाण्यात सोडायचा बाप-लेकाचा उद्योग होता. हवेचा पंप दिवसरात्र घरघरायचा. टाक्या हलवू या का, असं तिनं विचारलं तेव्हा तेजस म्हणाला की पिल्लं या जागेला सरावली आहेत. "मी पण सरावेन ना मग," असं ती मला म्हणाली आणि हसली. तेव्हा तिला हसू येत होतं.

महाबळेश्वरला जायचं लांबत लांबत जूनवर आलं आणि जूनमध्ये राखण सुरू झाली. तेजस वर्षभराची रजा जपून ठेवायचा ती त्यासाठी. पहिल्या पावसाळ्यात तिनंही आठ रविवार धरणाच्या काठावर ताडपत्रीखाली काढले. सोमवारी ऑफिसात आली की चपला चिखलानं भरलेल्या असायच्या. कोणीतरी हळूच "मासेवाली आली" म्हणालं. ज्या हिणवण्यापासून सोडवायला बापानं तिला शिकवलं होतं ते इथे कर्वे रस्त्यावर येऊन पोचलं.

ऑफिसात ती नवऱ्याला तेजस म्हणायची, घरी अहो. सासूला आत्या, सासऱ्यांना मामा. सासू सोजरबाई मंडईच्या बाजूला टोपली घेऊन बसायच्या. त्या कमी बोलायच्या आणि उत्कर्षाला त्यांचा कधी त्रास झाला नाही. एकदा मात्र त्यांचीही पंचाईत झाली.

२००२च्या जुलैत उत्कर्षाला पाचवा महिना होता. तिला मरळीच्या रश्श्याचे डोहाळे लागले. दुसरं काही पोटात ठरेना. माझ्या डब्यातलं वरण बघूनही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि आमचं वरण काही इतकं वाईट नव्हतं. तिनं सासूला सांगितलं. सोजरबाईंनी रीतीप्रमाणे नवऱ्याच्या कानावर घातलं, कारण गरोदर बाईचे डोहाळे मोडणं त्यांच्या लेखी मोठं पाप. त्या घरात तीन महिने मासा शिजत नसे, पण या वेळी शिजेल असं त्यांना वाटलं.

सर्जेराव स्वतः येऊन सुनेच्या खोलीच्या दाराशी बसले.

"पोरी, आत्ता मरळ धरली तर तिच्या पोटात अंडी असत्यात. गणपती उठले की रोज आणतो."

"मामा, तोवर डोहाळे थांबतात का?"

ते म्हणाले, "तीबी पोटुशीच हाय."

"मग तिच्याइतकी तरी मला राखण लावा," उत्कर्षा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई बाजारातून सुकट घेऊन आल्या. समुद्रातलं, उन्हाळ्यात वाळवलेलं, त्यामुळे नियमात बसणारं. त्यांनी ते लसूण-मिरची घालून केलं. सर्जेरावांना वास आलाच असणार, पण ते मिरचीशी भाकरी खाऊन निघून गेले. उत्कर्षानं दोन घास खाल्ले. ते मरळ नव्हतं. ती गोष्ट ती कधी विसरली नाही. वाईट याचं वाटायचं, असं ती सांगायची, की सासरे दुष्ट असते तर भांडता आलं असतं.

मुलगी झाली, तिचं नाव जुई ठेवलं. माडीवर टाक्यांच्या शेजारी पाळणा आला.

पुढच्या वर्षी कंपनी वाढली. आम्ही काचेच्या नव्या इमारतीत गेलो, गळ्यात ओळखपत्रं आली, आणि रजांचे नियम कडक झाले. साहेबांनी तेजसला बोलावून सांगितलं की दर पावसाळ्यात असं महिना-महिना गायब राहणं यापुढे चालणार नाही, ठरव काय ते. त्यानं ठरवलं. २००४च्या मे महिन्यात राजीनामा दिला, आणि बायकोला घरी गेल्यावर सांगू म्हणून थांबला. मी तोवर कर्मचारी विभागात गेले होते आणि कागद तिथून जायचा होता, त्यामुळे तो मी आधी पाहिला. मी तिला विचारलं, पुढे काय करणार आहे तेजस? तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला ठाऊक नाही. ती उठली, स्वच्छतागृहात गेली, तोंड धुऊन परत आली आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. घरी गेल्यावर त्यांचं काय बोलणं झालं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तो म्हणतो, नोकरी काय कधीही मिळते. मासा संपला की संपला." त्या वर्षी पुण्यात खरंच नोकऱ्या मिळत होत्या. पण तिला मिळालेली जर्मनीची सहा महिन्यांची संधी तिला सोडावी लागली. तेजस दिवसभर धरणावर, सासू बाजारात, जुई दीड वर्षाची.

त्याच जुलैत मच्छिंद्र सापडला.

मच्छिंद्र हा तेजसचा चुलतभाऊ, संस्थेचाच सभासद. पहाटे मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं लावून पिल्लं काढताना तो राखणीवरच्या लोकांना मिळाला. शनिवारी दुपारी सर्जेरावांच्या अंगणात संस्थेची बैठक बसली. तीसेक पुरुष, पत्र्याखाली पावसाचा आवाज, आत सोजरबाई आणि मच्छिंद्रची बायको ललिता चहा गाळत होत्या. त्याचं सभासदत्व रद्द करा, असं सर्जेरावांचं म्हणणं होतं. पुतण्याला सोडलं तर उद्या कोणाला काय तोंडानं सांगायचं?

मच्छिंद्र खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "काका, चूक झाली. पण पावसाळ्यात मजुरी नाय, जाळं नाय. घरात पोरं दोन. काय करू ते तुमीच सांगा."

"तीन महिने मी बी जाळं टाकत न्हाई," सर्जेराव म्हणाले. "माझी चूल कशी पेटती?"

उत्कर्षा नुकतीच ऑफिसातून येऊन उंबऱ्यात उभी होती. ओली छत्री हातात, ओळखपत्र अजून गळ्यात.

"माझ्या पगारावर," ती म्हणाली.

ती पुढे बोलली, आणि मला तिनं नंतर सांगितलं की थांबावं असं वाटत असूनही तिला थांबता येईना. "आधी तुमच्या नोकरीवर पेटायची, मामा. मग तेजसच्या. आता माझ्या. म्हणून आपल्याला नियम पाळता येतो. मच्छिंद्रभाऊजींकडे कोण आहे पगार आणायला? ह्या माणसाले उपाशी ठेवून कायले मासे वाचवता?" रागावली की तिच्या तोंडात भंडारा यायचा.

भरल्या बैठकीत सुनेनं सासऱ्याला असं बोलावं, हे त्या वस्तीत कधी झालं नव्हतं. बैठक मोडली. तेजस तिच्यावर चिडला. खरं असलं तरी चारचौघांत बोलायचं नव्हतंस, असं म्हणाला. तिनं विचारलं, घरात बोलले असते तर ऐकलं असतंत का? सोजरबाईंनी तिच्या पुढ्यात चहा ठेवला. सर्जेराव तिच्याशी बोलायचे बंद झाले. अकरा दिवस. नातीला खेळवायचे, सुनेकडे बघायचे नाहीत. ती माझ्यापाशी रडली, ते मात्र त्यांच्या अबोल्यामुळे नाही. आपण खरं बोललो आणि तरीही आपल्यालाच अपराधी वाटतं, याचा तिला संताप यायचा.

बाराव्या दिवशी सकाळी ती डबा भरत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात आले. माफी वगैरे काही नाही. म्हणाले, "ते तू बोललीस ते कागदावर कसं मांडायचं?"

मग दोघांनी मिळून मांडलं. हिवाळ्यात सगळ्यांच्या मिळकतीतला एक वाटा संस्थेनं बाजूला काढायचा आणि त्यातून जून महिन्यात प्रत्येक सभासदाच्या घरी तीन महिन्यांचं धान्य पोचतं करायचं. ज्याच्या घरी दुसरी कमाई आहे त्यानं धान्य घ्यायचं नाही, पण वाटा द्यायचा. हे शेवटचं कलम सर्जेरावांनी स्वतः घातलं. राखणीचा मुख्य म्हणून मच्छिंद्रला नेमलं. चोरट्यांच्या वाटा त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक होत्या?

आणि ते चाललं. पाच आणि सहा साली बंदीच्या काळात धरणात एकही जाळं पडलं नाही. सहाच्या दिवाळीनंतर हातभर लांबीच्या मरळी आल्या. पंधरा वर्षांत दिसली नव्हती अशी वाम आली. त्या दिवसांत उत्कर्षा ऑफिसात मला धरणातल्या माशांची नावं सांगायची, मी ऐकून घ्यायची. मी विचारलं, तुला आवडायला लागलं का हे? ती म्हणाली, "आवडायचं काय त्यात. काम झालं याचं बरं वाटतं." तिनं कात्रजला दोन खोल्यांचा फ्लॅटही बघून ठेवला होता. टाक्या इथे, आपण तिथे, असं तेजसशी ठरलं होतं.

सात साली ठेक्याची मुदत संपली. दर वेळी अर्ज केला की संस्थेला तो पुन्हा मिळायचा. या वेळी लिलाव झाला. सगळीकडेच तेव्हा लिलावाचे दिवस होते. बाहेरगावच्या एका ठेकेदारानं संस्थेला झेपणार नाही अशी बोली लावली आणि पाणी त्याचं झालं. उत्कर्षानं एक दिवस रजा काढली, दोन वर्षांत किती मासे वाढले त्याचे तक्ते छापले, आणि सासऱ्यांबरोबर मत्स्यविभागाच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी तक्ते चाळले. छपाई सुबक आहे म्हणाले. मग म्हणाले, "तुमची संस्था चालू ठेवा की. नाही कोण म्हणतंय? फक्त पाणी त्यांचं."

तिनं बंदीच्या तीन महिन्यांबद्दल विचारलं. ते ठेकेदाराच्या सोयीवर आहे, असं उत्तर मिळालं. परत येताना रिक्षात सर्जेराव एवढंच बोलले, की आपण वाढवले ते मासे तो काढणार. त्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरावा असं तिला वाटलं आणि तिनं तो धरला नाही, कारण तशी रीत नव्हती.

त्याच पावसाळ्यात ठेकेदारानं जाळी टाकली. पोटात अंडी असलेले मासे पेट्या भरभरून शहरात आले. सोजरबाईंनी ते विकायला नकार दिला आणि महिनाभर टोपली घेऊन बसल्याच नाहीत. ठेकेदारानं मच्छिंद्रला पगारावर ठेवलं. तो सांगायला घरी आला तेव्हा सर्जेराव उठून आत गेले. उत्कर्षानं त्याला बसवलं, चहा दिला. "वहिनी, तुमीच म्हणला होता ना, पगार आणायला कोण हाय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. ती हो म्हणाली. तो गेल्यावर तिनं कप इतक्या जोरात आपटला की त्याचा कान तुटला.

कात्रजचा फ्लॅट घेतला, पण दोन वर्षांनी. तेजसनं पुन्हा नोकरी शोधायला सुरुवात केली तेव्हा मंदी आली होती. जी नोकरी कधीही मिळते ती आठ महिने मिळाली नाही. मग तो एका क्लासमध्ये संगणक दुरुस्ती शिकवू लागला, अजूनही शिकवतो. तेवढ्यात सर्जेरावांनी धरणाच्या वर, नदीच्या अंगाला एक डोह शोधून काढला. देवीचा डोह म्हणून गावकरी तिथे पूर्वीपासून मासे धरत नसत. लांबी जेमतेम अर्धा किलोमीटर, ठेक्यात न येणारा. त्यांनी गावच्या पंचायतीकडून ठराव करून घेतला आणि राखण तिथे हलवली. सर्जेराव सोडले तर तीस सभासदांतले सहा उरले. त्यांत तेजस, शिवाय रविवारी उत्कर्षा.

२०१०मध्ये कंपनीनं तिला नागपूरची जागा देऊ केली. बढती, आई-वडील जवळ, जुईला चांगली शाळा. तेजसलाही तिकडे काम बघता आलं असतं. ती भांडणाची तयारी करून सासरी गेली. सर्जेरावांचे गुडघे तेव्हा पुरते गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जा. किती वर्षं केलंस. आता जा."

तिनं मला दुसऱ्या दिवशी हे सांगितलं. "नको म्हणाले असते तर गेले असते गं मी. त्यांना साधं नको म्हणता येत नाही का?"

ती गेली नाही. तेजस गेला तर डोहावर चढून जाऊ शकणारे पाचच राहतात, हा हिशोब तिनं स्वतःच केला आणि कोणाला सांगितला नाही. नागोरावांना फोनवर कारण सांगताना तिनं ऑफिसच्या अडचणी सांगितल्या. त्यांना ते पटलं नाही. मी तुला माशांतून बाहेर काढलं होतं, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढे वर्षभर ते तिच्याशी नीट बोलले नाहीत.

मी ती कंपनी सोडली त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी जेवायला बाहेर गेलो. तिनं पापलेट मागवलं, मी नेहमीप्रमाणे पनीर. मी तिला सरळच विचारलं, पश्चात्ताप होतो का. तिनं काटा बाजूला काढून ठेवला.

"होतो की. खूप होतो. माझं काय काय राहिलं ते मला पाठ आहे. पण सोडून काय करू? ते लोक चुकीचे असते तर सोडलं असतं."

मग ती डोहाचं सांगायला लागली. वरच्या अंगाला कोणीतरी टँकर धुतला होता, पाण्यावर तेलाचा तवंग आला होता, आणि पंचायतीकडे नवा अर्ज द्यायचा होता. मराठीत दिला तर कोणी वाचत नाही, इंग्रजीत दिला तर निदान घाबरतात, असं म्हणून तिनं पिशवीतून मसुदा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. व्याकरण बघ म्हणाली. मी बघितलं. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून दिल्या. बिल येईपर्यंत ती टँकरवाल्याला शिव्या देत होती.